मेंढी

“चमचा, शिडी, पाऊस, लिंबू, खुर्ची,” डॉक्टर नेरिसनी सावकाश वाचलं. “हं, म्हण.”

ग्विलिमने म्हटलं. पाचही. शाबासकी द्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

“यंदा अभ्यास करून आलायस वाटतं!” डॉक्टर म्हणाल्या. “दहा मिनिटांनी परत विचारीन हं.”

अभ्यास कसला डोंबलाचा. यंदा फक्त खरं सांगायचं, एवढंच ठरवून आला होता. गेली अकरा वर्षं त्यानं दर जुलैत हा डोक्याचा पेपर मुद्दाम पाडला होता. रग्बी क्लबातले सगळे जुने खोंड पाडायचे. जुलैत एकदा ढ ठरलं, की डिसेंबरात भर सामन्यात डोकं आपटलं आणि मैदानाच्या कडेला हाच पेपर घेतला, तरी मार्क तेवढेच. फरक काही नाही, चल, जा आत! युक्ती ग्विलिमची. आणि पाडताना यादीत नसलेला एक शब्द ठोकून द्यायचा, ‘मेंढी’, ही थट्टाही त्याचीच. पुढे पुढे अख्खा संघ मेंढी सांगायला लागला. डॉक्टर कपाळाला हात लावायच्या आणि मार्क लिहायच्या.

पण यंदा वरून फर्मान आलं होतं. अमुक मार्कांच्या खाली गेला, तर थेट कार्डिफच्या मेंदूवाल्याकडे, आणि त्याचा कागद येईपर्यंत मैदानावर पाऊल नाही. ग्विलिम चौतीस वर्षांचा. स्क्रममध्ये, दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथे, पहिल्या रांगेत मधोमध मुंडकं घालणारा. करार एकाच वर्षाचा, बहुतेक शेवटचा, आणि तोही डॉक्टरांच्या सहीवाचून अडलेला.

“एका पायावर उभा राहा. डोळे मीट.”

तो उभा राहिला. मग डोळे उघडले तेव्हा वजनकाटा त्याच्या मिठीत होता.

“काटा मधे आला,” तो म्हणाला.

“काटा चार वर्षं तिथेच आहे. आता महिने सांग. उलटे.”

“डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै…” तो झपाझप जानेवारीपर्यंत पोचला आणि छाती काढून बसला. मधेच डॉक्टरांचं पेन थांबलं होतं, ते त्यानं पाहिलं नाही.

“बरं. मघाचे पाच शब्द?”

“चमचा,” ग्विलिम म्हणाला. “शिडी.”

मग तो छताकडे बघत बसला. डॉक्टरांनी घाई केली नाही.

“मेंढी!” तो एकदम म्हणाला. चेहरा उजळला. “मेंढी. ही तर नक्की.”

डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटलं. “ग्विलिम! या खोऱ्यात बाहेर मेंढ्या कमी आहेत का रे, की तू दरवर्षी माझ्या खोलीत आणखी एक आणून सोडतोस? नियम बदललाय, सांगितलं होतं ना सगळ्यांना? मार्क बघ तुझे. गेल्या वर्षी नाटक करून यापेक्षा जास्त होते!”

ग्विलिमनं मार्क बघितले. मग डॉक्टरांकडे बघितलं. मेंढी त्यांनीच तर वाचली होती. त्यांच्याच आवाजात, स्पष्ट, शिडीच्या मागोमाग.

डॉक्टरांचा आवाज जरा खाली आला. “एकदाच विचारते. नाटक असेल तर हा कागद फाडते, सोमवारी नवी यादी, नवा पेपर. खरं असेल तर आत्ता कार्डिफला फोन लावते. काय आहे?”

त्यांचा हात फोनवर होता. फोन उचलायची वेळ येऊ नये असं त्यांनाही वाटत असावं, कारण तो हात नुसताच पडून होता.

ग्विलिमनं दात दाखवले. समोरचे दोन नव्हतेच. “पकडलंत, डॉक्टर.”

“मूर्खा!” त्या म्हणाल्या आणि खुशीत कागद टराटरा फाडला. “घाबरवलंस मला. चल, चालता हो.”

कपडे बदलायच्या खोलीत ब्रिन पट्ट्या गुंडाळत होता. नऊ वर्षं तो स्क्रममध्ये ग्विलिमच्या डाव्या खांद्याला चिकटून होता. त्याचा पेपर सकाळीच झाला होता.

“काय आजोबा, झालात पास?”

“सोमवारी परत बोलावलंय.”

“का? ठोकलीस की काय मेंढी, यंदासुद्धा?”

खोलीतल्या साताठ जणांनी एकदम गळा काढला, “बॅंऽऽऽ!” ग्विलिमनंही काढला, सगळ्यांहून मोठा. मग ब्रिनच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, “ब्रिन, ऐक ना. यादीत मेंढी होती ना रे?”

ब्रिन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग हसून हसून बाकावरून खाली घसरला. “ऐकलंत का रे! हा मरेल, पण मेंढी सोडणार नाही!”

पुन्हा “बॅंऽऽऽ!” झालं. कुणीतरी चार पायांवर चालूनही दाखवलं.

ग्विलिमही हसला. हसता हसता त्यानं मनगटाला पट्टी गुंडाळली. सामन्याच्या दिवशी चेंडू कुणाला कुठे फेकायचा, ते तो या पट्टीवर लिहून ठेवायचा. त्यानं दातांनी पेनाचं टोपण काढलं आणि कुणाला दिसणार नाही असा हात वळवून बारीक अक्षरात लिहिलं:

‘सोमवारी मेंढी म्हणायचं नाही.’