ऐसपैस जागा

अपंगांच्या पार्किंगच्या जागा रुंद करायचा नवा नियम नगरपालिकेच्या सभेपुढे आला, तेव्हा सगळ्यात जोरात विरोध केला तो ताईच्या नगरसेवक भावाने. “शहरभर पट्टे पुसा, पाट्या बदला, वर बाकीच्यांच्या जागा घालवा! लोकांचा पैसा आहे हा. माझीच ताई व्हीलचेअरवर असते. काय अडलंय तिचं? मी जातो की बरोबर, उचलून बाहेर काढतो.”

मागच्या रांगेतून ताईने हात वर केला. “गाडी मी हातांनी झकास चालवते. पण अरुंद जागेत दार पुरतं उघडत नाही, खुर्ची खाली ठेवता येत नाही. म्हणून तुला सवड असेल तेव्हाच मी घराबाहेर पडते. हा खर्च धरलास का रे कुठे?”

मतदानाच्या वेळी भावाचाही हात वर होता.

नवे पट्टे वाळले त्या सकाळी ताई एकटीच निघाली. भर बाजारात तिने गाडी लावली, दार सताड उघडलं, खुर्ची खाली ठेवली आणि झोकात तिच्यात सरकून बसली. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, आहेस कुठे तू?” भावाचा जीव टांगणीला लागला होता.

“सुखरूप आहे. पण कुठे, ते सांगत नाही, जा!”

फोन ठेवून ती खळखळून हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.