कोमट पाणी

"पंधराच दिवस, डॅड," असं सांगून ब्रेंडननं वडिलांना ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावच्या वृद्धाश्रमात सोडलं, त्याला आता वर्ष होत आलं. निदान त्यांनी पाळलेला अजगर तरी आपण घरी सांभाळतोय, एवढंच त्याला समाधान होतं.

ऑगस्टच्या कोरड्या थंडीत त्या अजगराची, बर्टीची, कात अंगावर ठिकठिकाणी चिकटून राहिली. ब्रेंडननं एक टोक चिमटीत धरलं, तोच समोर उभ्या केलेल्या फोनमधून डॅड ओरडले, "ए, ओढू नकोस! केळं सोलतोयस का? कोमट पाण्यात भिजव आधी. ओढलंस तर खालची कातडी फाटेल त्याची."

ब्रेंडननं मनगटावर पाणी घालून बघितलं, बर्टीला तासभर त्यात ठेवलं आणि मग ओल्या टॉवेलच्या घडीतून त्याला आपला आपण सरकू दिलं. पापुद्रे एकेक करत टॉवेलला लागून सुटले. सगळी सकाळ त्यात गेली, पण बर्टी शेपटीपर्यंत लखलखायला लागला.

"शाब्बास! हात हलका आहे हो तुझा," म्हणत डॅडनी टाळ्या वाजवल्या, तशी त्यांची बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत बँडेजच्या पट्ट्याच पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"डॅड, हाताला काय झालं?"

 

"काही नाही रे. इथं आंघोळीला माणशी सातच मिनिटं मिळतात. घाईत अंग पुसताना टॉवेल जरा ओढला जातो इथल्या नर्स पोरींकडून."