कोमट इंजिन

इंजिन कोमट होते. किल्ली सप्टेंबरपासून मॅरिटच्या कोटाच्या खिशात होती आणि गाडी जुलैपासून शेडबाहेर निघालेली नव्हती. निदान मॅरिटने तरी ती काढलेली नव्हती.

लामार टिडवेलने बॉनेट उघडून सर्वप्रथम तळहात टेकवला तो इंजिनावर. जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण हेच करतो. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर गारठ्यात ते किती कुरकुरते हे कळत नाही. अलाबामाहून मिनेसोटाच्या उत्तर टोकापर्यंत तो दोन दिवस रिकामा ट्रेलर ओढत आला होता.

"बाई, फोनवर काय ठरलं होतं आपलं? मी येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

"कोणी लावला नाही."

"मग काय, ताप आलाय हिला?"

 मॅरिटने नवऱ्याकडे पाहिले.

आर्विड हालव्हर्सन, वय अठ्ठ्याहत्तर, उलटा स्वेटर घालून शेडच्या दारात उभा होता. सत्तर सालची ही हिरवी शेव्हेल त्याने तरुणपणी शर्यतीसाठी उघडून पुन्हा बांधली होती: इंजिनाची पोकळी वाढवली, मागे दुप्पट रुंद चाके बसवली. आता तिच्या तळाची चाळण झाली होती. ब्रेकची नळी जुलैत गंजून फुटली होती. पेडल दाबले की जमिनीला टेकत असे. शेडसमोरचा खडीचा रस्ता सरळ उताराने तळ्यात जात होता.

तो आत आला आणि त्यानेही इंजिनावर हात ठेवला. बराच वेळ तो हात त्याने काढला नाही.

"मॅरिट, मी चालवली का गं ही?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

"मला किल्ली कशाला लागते? दोन वायरी एकमेकींना लावल्या की झालं." हे त्याने कारागिराच्या ठसक्यात सांगितले. मग स्वतःचेच वाक्य त्याच्या कानांवर पडले असावे. त्याचा चेहरा उतरला. "किती वेळा?"

"चार. म्हणजे मला कळलं ते चार वेळा. सकाळी येऊन हात लावून बघते मी. आज पाचवी."

"म्हणून सोमवारी त्या वृद्धाश्रमात नेणार मला."

"सही करून आलेय मी, आर्विड. ब्रेक नाहीत रे तिला."

"माहीत आहे मला!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "आत्ता माहीत आहे. पहाटे चारला माहीत असतं का, देव जाणे."

भिंतीचा आधार घेऊन त्याने एकेक पाय उचलला आणि बुटांचे तळवे तपासले. खडी सगळीकडे सारखीच होती. तळव्यांवरून काही सिद्ध होत नव्हते.  मॅरिट त्याच्या जवळ गेली नाही. तिला त्याचीच भीती वाटत होती, आणि हे त्याला दिसत होते.

लामारला पाहुण्याचा संकोच वाटला. कुठे पाहावे हे न कळून तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि गंज बघण्याच्या निमित्ताने उकिडवा बसला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली.

"साहेब, इकडे या जरा. वाकता येतंय का?"

"वाकता येतं. उठायला माणूस लागतो."

धुराच्या दोन्ही पाइपांच्या तोंडांवर कोळ्याची जाळी होती. अखंड, आणि धूळ बसून राखाडी झालेली.

"हे इंजिन सुरू झालं असतं तर?" लामारने विचारले.

"पहिल्याच ठोक्याला जाळं काय, तुझी टोपीसुद्धा उडाली असती." आर्विड थांबला. "म्हणजे मी नाही."

"कोणीच नाही. महिनाभरात तरी नाही."

"मग तापवतंय कोण?" मॅरिटने विचारले. तिचा आवाज आता आर्विडच्या मघाच्या आवाजासारखा झाला होता.

लामार पुन्हा पुढे आला. गाडीच्या तोंडावरच्या धातूच्या जाळीच्या फटीतून बाहेर लोंबणारी एक काळी वायर त्याने दोन बोटांत उचलली. "मी मघापासून विचारणारच होतो. आमच्याकडे गाडीला पुढून शेपूट नसतं. हे काय आहे?"

मॅरिट आणि आर्विड दोघांनीही वायरीकडे पाहिले. त्या भागात अशी वायर प्रत्येक गाडीला असते, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

ती इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेल्या हीटरची वायर होती. हिवाळ्यात इंजिन गोठून अडू नये, म्हणून तो असतो. वायरीचे दुसरे टोक भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होते. शेडमधला पारा पस्तीस अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे पाणी गोठण्याच्या किंचित वरच्या खुणेखाली उतरला की ते सॉकेट आपोआप चालू होते. बाहेर गारठा ऑक्टोबरातच पडला होता, पण शेडच्या आत पारा एवढा उतरला तो नोव्हेंबरातच, आतापर्यंत पाच पहाटे. नऊ ऑक्टोबरला, अंगणातल्या बादलीवर पहिल्यांदा बर्फाची साय धरली त्या संध्याकाळी, मॅरिटने स्वतःच्या गाडीची वायर लावली आणि एकतीस हिवाळ्यांच्या सवयीने शेजारची शेव्हेलचीही लावली. रोज सकाळी आपली वायर काढताना शेजारची तिच्या डोळ्यांसमोरच असे. ती आपणच लावली होती, हे मॅरिट विसरली होती.