आबांना आलेला कंटाळा

"कुनाचा इस्वास बसायचा न्हाई, तरी सांगतो," गहिनीनाथ आबा बांधावर टेकत म्हणाले. "परवा गेममदी शत्रूनं मला बघितलं आन बंदूक खाली ठिवून माझ्या पाया पडला."

शेजारच्या वावरातला कारभारी खुरपं टाकून बांधाला आला. आबांची गोष्ट सुरू झाली की देवळाली प्रवऱ्याच्या त्या शिवारात कुणाचंच काम पुढं सरकत नसे.

"कुठला हुता शत्रू?" त्याने विचारलं.

"कोरियाचा."

"आन तुमच्याशी मराठीत बोलला?"

"भाषा कोरियाचीच. पन हेल नगरी. म्हनला, आबा, तुमी हाय व्हय, मंग आमी उगं कशाला मरायला उतरलो. दुसऱ्यानं जीप आनून दिली. तिसरा म्हनला, तुमी घरी जाऊन चहा घ्या, उसाला पानी आमी भरतो."

कारभारी हसला. सृष्टी हसली नाही. आबांची ही नात उसाच्या सरीतून खांद्यावर खोरं टाकून येत होती, पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले. तिच्या फोनवरचा डाव अर्धाच होता. गेममधला आपला गडी एका पडक्या भिंतीआड उभा करून ती पाणी वळवायला गेली होती.

गेम तिनेच आबांना शिकवला. चांगुणाआजी गेली आणि आबांची वाचाच बसली. गोष्ट नाही, थाप नाही, कुणाला टोमणा नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाहीतर भिंतीकडे बघत बसायचे. घराला धडकी भरली. मग एके दिवशी सृष्टीने त्यांच्या हातात फोन दिला. विमानातून छत्रीला लटकून खाली कसं उतरायचं, बंदूक कशी उचलायची, शेवटपर्यंत कसं टिकायचं, सगळं दाखवलं. आबा उडी मारून थेट समुद्रात पडले. रात्री जेवताना म्हणाले, तिथं एक मासा भेटला, आपल्याच तालुक्याचा निघाला, पाठीवर घेऊन काठाला सोडलं. पोळीचा घास हातात धरून सगळे ऐकत बसले. आबा परत आले होते.

तेव्हापासून दोघांचा रिवाज पडला. उसाला पाणी द्यायला बरोबर यायचं आणि एक सरी भरेपर्यंत एक डाव खेळायचा. डाव रंगला की सरीचं भान राहायचं नाही. पाणी बांध फोडून कारभारीच्या कांद्यात शिरायचं आणि कारभारी दोघांचा उद्धार करत यायचा.

"ह्या टायमाला माझे कांदे कोरडे हायेत, आबा," तो आता म्हणाला. "मी शिव्या जुळवून बसतो रोज. वाया चालल्यात."

आबांनी एकदा सृष्टीच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं.

"आरं, तेच तर सांगतोय," ते घाईने म्हणाले. "माझी गोडीच गेली. मारायला कुनी समोर येईना, जो येतो त्यो पाया पडतो. त्यात काय खेळायचं? ध्यान आपसूक पान्यावर आलं. म्हनून ठरवलं. आजपासनं बंद."

"उद्या परत खेळाल," सृष्टी म्हणाली.

"न्हाई."

"दुसरा गेम घेऊ. शेतीचा हाय एक, ट्रॅक्टर चालवायचा."

"दिवसभर हितं तेच करतो की. पुन्हा फोनमदी कशाला?"

"मग संध्याकाळी काय करणार तुम्ही?"

"ह्या कारभारीचं डोकं खाईन. रिकामंच हाय."

"खावा," कारभारी म्हणाला. "मीठ लावून देतो."

सृष्टी तरीही हसली नाही. नगरच्या अकॅडमीत तिचं नाव लागलेलं होतं. पोलीस भरतीची धावायची तयारी, लेखी परीक्षेची तयारी, राहायची सोय, सगळं होतं. सोबतच्या पोरी कधीच गेल्या होत्या. आई ज्योतीने बॅग भरून दाराशी ठेवली होती. सृष्टी रोज म्हणायची, उद्या बघू. आता मागं राहिली तर ही भरती गेल्यात जमा होती, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आबांचं ते भिंतीकडे बघत बसणं तिने पाहिलं होतं. त्यांना पुन्हा तिथं सोडून तिचं पाऊल उचलत नव्हतं.

आबांनी चष्मा सारखा केला. गेमच्या चित्रावर अंगठा दाबून धरला. काढून टाकायचं का, असं फोनने विचारलं. अंगठा जरासा हवेत थांबला. मग खाली टेकला. चित्र गेलं.

"झालं," आबा म्हणाले. फोन बंडीच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला. "कारभारी, तुला त्या कोरियावाल्याच्या बापाची गोष्ट सांगितली का? त्यो तर लईच बेरकी."

ते सांगत सुटले. एक थाप संपायच्या आत दुसरी. कारभारी विचारत होता, आबा उत्तर देत होते, कुठेच अडत नव्हते. सृष्टी खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचा फोन काढला. पडक्या भिंतीआडचा गडी तसाच उभा होता. तिने डाव बंद केला आणि अकॅडमीचा नंबर लावला.

"मॅडम, सृष्टी बोलतेय. देवळालीची. उद्या सकाळी येते. नाही, आता नक्की."

आबा गोष्टीत मधेच थांबले. पुन्हा सुरू करायला गेले, तेवढ्यात ती त्यांच्या शेजारी बांधावर येऊन बसली.

"कोरियावाला पाया पडला हे मी मानते, आबा," ती म्हणाली. "जीपसुद्धा मानते. पण तुम्हाला गेमचा कंटाळा आला, ही थाप हाय. कंटाळा मला आलाय, आणि ते तुम्ही ओळखलंत."