लाल चिठ्ठीचा वॉल्व

चौथ्यांदा रॉकेटचं उड्डाण पुढं ढकललं. लुंबिनीनं मेल वाचला, चहा घेतला आणि ती परत कामाला लागली. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये बाकीचे मात्र हळहळले.

"आता काय झालं म्हणं?" उमाबाईनं विचारलं. उमाबाई मुरुडची. वीस वर्षं पॅकिंगला होती.

"वारा."

"आगं बया! एवढं धूड, अन् वाऱ्याला भितंय? पत्रावळ हाय का ती?"

ते रॉकेट अंतराळ स्थानकाला माल नेणार होतं. खाणं, कपडे, सुटे भाग आणि एक वॉल्व. तो वॉल्व मालक गुरुबसप्पांच्या या शेडमध्ये घडलेला, प्राणवायूच्या नळीवर बसायचा. करारात दोन होते, अगदी सारखे. एक जाणारा, एक राखीव. राखीव इथंच कपाटात राहायचा.

लुंबिनीला धास्ती होती ती त्या राखीवाची.

मालाची तपासणी तिच्याकडं. गेल्या खंडेनवमीला ती कंधारला घरी गेली, तिथून घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला. मागं शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. ती परत आली तर टेबलावर एक वॉल्व लखलखीत, आणि दुसऱ्यावर हळदीची बोटं, कुंकू, अन् समईचं तेल ओघळून थेट आत गेलेलं. उमाबाईनं मोठ्या भक्तीनं केलं होतं सगळं.

प्राणवायूला तेलाचं वावडं. दाब वाढला की ठिणगीसुद्धा लागत नाही, भडकाच उडतो. हे लुंबिनीला माहीत, मालकाला माहीत. उमाबाईला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. हातमोजे घाल म्हटलं की ती घालायची.

वॉल्व आतून धुवायचा तर परगावी पाठवायला हवा, तीन आठवडे मोडणार. आणि न्यायला गाडी तर त्याच संध्याकाळी येणार होती.

"त्याला राखीव कर," आप्पा म्हणाले. गुरुबसप्पांना सगळे आप्पाच म्हणत. "पंधरा वर्षांत एक राखीव माल कपाटाबाहेर गेला न्हाई. अन् उमाबाईला बोलू नको काही. म्हातारी लई मनाला लावून घेती."

लुंबिनीनं वरची हळद पुसली. आतलं तेल पुसून निघत नसतं. तो वॉल्व तिनं राखीवाच्या, लाल चिठ्ठीच्या ट्रेमध्ये ठेवला, चांगला वर जाणाऱ्याच्या, पांढऱ्या चिठ्ठीच्या. वॉल्ववर काही कोरलेलं नव्हतं. ओळख काय ती चिठ्ठीची. ती जेवून आली तोवर उमाबाईनं दोन्ही पिशव्या सील करून चिठ्ठ्या डकवल्या होत्या. लुंबिनीनं सही केली. आता वर कळवल्याशिवाय सील फोडता येणार नव्हतं.

तेव्हापासून दर उशिराला ती कॅलेंडरवर दिवस मोजायची. पांढऱ्या चिठ्ठीच्या वॉल्वमधल्या रबराला मुदत होती. ती संपली की स्थानकाचे लोक राखीव मागणार. दोन महिन्यांनी ते मोजणंही सुटलं. भूक लागायची, झोप लागायची, पण आत काही हलायचं नाही.

"काय झालंय गं? बोलत का न्हाईस?" आई फोनवर विचारायची.

"काय न्हाई. काम हाय."

पाचव्या वेळेला रॉकेट गेलं. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. आप्पांनी पेढे वाटले. लुंबिनी मागच्या नळापाशी जाऊन रडली, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी मेल आला. माल पोचला, वॉल्व आजच बसवतोय. मात्र खेपांना असा उशीर होत राहतो, तेव्हा यापुढं राखीव वॉल्वही वरच ठेवायचं ठरलंय. पुढच्या खेपेसाठी तो पाठवून द्या.

ती मोबाईल घेऊन आप्पांपुढं उभी राहिली. "मी खरं काय ते कळवते आप्पा. फोटो काढून. नोकरी गेली तर जाऊ द्या."

आप्पांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "कळव," ते म्हणाले. "अन् माझं नाव घाल. तू एकटी कशाला मरतीस?"

तिनं कपाटातून लाल चिठ्ठीची पिशवी काढली, कात्रीनं फोडली. तपासणीचा निळा दिवा लावला. तेल असेल तिथं त्या उजेडात चमकतं. तिनं वॉल्व धरला, फिरवला, भोकातून आत पाहिलं. पुन्हा फिरवला. कुठंच काही चमकेना.

"आप्पा, तेल न्हाई ह्यात."

"बघू." आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एकदम हसले. "आगं, आत गेलंच नसंल तवा! सहा महिने उगी जीव खाल्लास की स्वतःचा. अन् माझाबी."

लुंबिनी स्टुलावर बसली. तिलाही हसू आलं, थांबेना. टेबलावरच्या मोबाईलवर मेलमधून उघडलेलं स्थानकाचं थेट चित्रण चालू होतं. वॉल्व बसवून झाला होता. एक बाई हळूहळू प्राणवायूचा दाब वाढवत होती, बाकीचे तिघं बाजूला तरंगत बघत होते.

हसणं ऐकून उमाबाई दारात आली. फोडलेली पिशवी बघून जरा वरमली.

"सापडली व्हय माझी चोरी? रागवू नको बाई. तू पूजेचाच लाल चिठ्ठीत ठिवला होतास, तुला कुठलं ठावं असायला? आतल्या तेलाच्या वासावरनं वळखून मी गुपचूप बदलला. देवाचा हात लागलेला सोडून कोरडाच वर धाडायचा असतो का कधी?"