मळ्यातली तिसरी हाक

जमैकातल्या आमच्या मळ्याचे जुने मालक न्यायाधीशही होते, हे त्यांचं थडगं अजून ठणकावून सांगतं. खाली बायकोचं, चार मुलग्यांचं, लाडक्या कुत्र्याचंसुद्धा नाव कोरलंय. त्यांच्यापासून मुलगी झालेल्या गुलाम बाईचं तेवढं नाही. माझी शेजारीण ड्रुसिला तिची शेवटची वंशज. त्या बाईचं नुसतं नाव तरी मिळावं म्हणून ड्रुसिला शोधत होती.

एका संध्याकाळी ती थडग्यापाशी आणि मी तिच्या मागे उभा असताना उसातून एका बाईची हाक आली, "ड्रुसी!"

"सिरिलकाका, तीच असणार! नाव विचारते."

"गप्प! भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली तर माणूस समजायचं, मगच ओ द्यायची."

"ड्रुसी!"

ड्रुसिला उसाकडे बघत रडू लागली. "आता तिसरी नको मारूस गं."

तिसरी आली, हुबेहूब माझ्या आवाजात.

"आत्तासुद्धा थट्टाच का, काका?" म्हणत, मागे न वळताच, तिनं खिन्नपणे ओ दिली.

मी तोंड उघडलंच नव्हतं.