‘ट’चा खण

"हे वाक्य घडवलेलं आहे," बाबा म्हणाले. "फेकून दे."

थोरलीने वर्तमानपत्राआडून त्यांच्याकडे पाहिलं. मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे दुधाळ झालेले, पण लबाडी पकडायला म्हाताऱ्याला डोळे लागत नव्हते. ‘कंपू’ या शब्दासाठी छापील वाक्य काही सापडेना, म्हणून तिने पदरचंच ठोकून दिलं होतं: कार्यालयातल्या कंपूने नव्या साहेबांचं स्वागत केलं.

"कशावरून घडवलेलं?"

"अगं, कंपू कधी कुणाचं स्वागत करतो का? कंपू कुजबुजतो. आणि घडवलेल्या वाक्यात सगळे शहाण्यासारखे वागतात. कानाला लगेच कळतं."

आता बोला! चाळीस वर्षं समानार्थी शब्दांचा कोश रचणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? त्यांचा नियम एकच. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. त्यावर शब्द, त्याखाली वाक्य, त्याखाली तारीख आणि आधार. म्हणजे वाक्य कुठे वाचलं किंवा कुणाकडून ऐकलं ते. आधार नसला की कार्ड केराच्या टोपलीत. पोटच्या पोरीलाही सवलत नाही.

"बरं, ‘टोळी’चं शोधू? गुन्ह्यांच्या पानावर ढिगाने मिळतील."

"टोळीचं आहे माझ्याकडे. तू कंपूचं बघ." बाबा खुर्चीत मागे टेकले. "गंमत आहे बघ. व्यापारी एकत्र आले की संघ. चोर एकत्र आले की टोळी. चौकात नुसते उभे राहिले तर टोळकं. आणि घरच्यांनी विचारलं, कुठे असतोस रे, की सगळ्यांचीच कंपनी!"

ती हसली खरी, पण तोंडापुरतीच.

धाकटाही जाताना हेच म्हणाला होता. कंपनीत नोकरी लागली, ताई, बाबांना सांग. मग चार महिन्यांनी एक हवालदार दारात आला. तुमचा भाऊ टोळीत आहे, घरी फिरकला तर कळवा. बाबा तेव्हा छापखान्यात कामावर होते. थोरलीने ती गोष्ट गिळली ती गिळलीच. शब्दाशब्दाचा खरेपणा तपासणारा माणूस, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढे एकदा बाबा भरदुपारी घरी आले. आल्या आल्या अंघोळीला गेले. "छापखान्यात धूळ फार," एवढंच म्हणाले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोराच्या आठवणीने झुरतायत, तिला वाटलं. तिच्याच्याने बघवेना. स्वयंपाकघरात बसून तिने एक पत्र लिहिलं, वर तारीख घातली, सतरा मार्च, आणि संध्याकाळी हसत बाहेर आली.

"बाबा, धाकट्याचं पत्र!"

बाबा ताडकन उठून बसले. हात पुढे केला. मग सावकाश मागे घेतला.

"चष्मा सापडत नाहीये. तूच वाच."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. त्यांच्या वेंधळेपणाबद्दल तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि वाचलं. जेवण वेळेवर मिळतं, साहेब चांगले आहेत, काळजी नसावी. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा वाच," म्हणाले.

तेव्हापासून तीन वर्षं दर महिन्याला पत्र. आधी चष्मा सापडेना, पुढे डोळेच अधू झाले, त्यामुळे वाचायची तीच. दर वेळी, पुन्हा वाच. तो कधी येणार, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. थोरली रोज सकाळी जीव मुठीत धरून गुन्ह्यांचं पान वाचायची. धाकट्याचं नाव कधी आलं नाही. नाव नाही म्हणजे सुखरूप आहे, एक ना एक दिवस दारात उभा राहील, या आशेवर तिने दिवस ढकलले.

आणि आता उद्या डोळ्यांचं ऑपरेशन. पट्टी सुटली की बाबा आधी पत्रांचा गठ्ठा मागणार. त्यात एकूण एक अक्षर तिचं. त्याआधी आपणच सांगून टाकावं, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

"बाबा, धाकट्याचं..."

"पत्र आलंय?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं अवसान गळालं. "हो. आलंय."

हातातल्या वर्तमानपत्रावर नजर ठेवून तिने तोंडाला येईल ते वाचलं. त्याला बढती मिळाली. खोली हवेशीर आहे. बाबांच्या डोळ्यांची आठवण काढलीय.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. बाबांनी चष्म्याचं घर चाचपून त्यातून एक बारीकशी किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ‘ट’च्या खणाची. तीन वर्षं त्यांनी तो खण कुणाला उघडू दिला नव्हता. ट राहू दे, तो मी बघेन, हे ठरलेलं उत्तर.

"मी जरा पडतो. तू ‘ट’ लावून घे. माझे डोळे उघडायच्या आत झालेलं बरं." उठता उठता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू फार छान वाचतेस गं, पोरी."

आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं.

थोरलीने डोळे पुसले. काम मिळालं म्हणून तिला जरा बरंच वाटलं. कबुली संध्याकाळवर ढकलता आली. खण ओढून ती कार्डं लावायला बसली. टोपली. टोमणा. टोळकं. मग टोळी. बाबांचं जुनं, डोळे धड असतानाचं वळणदार अक्षर.

शब्द: टोळी.

वाक्य: टोळीतल्या अनोळखी तरुणाचं प्रेत वडिलांनी ओळखलं आणि अंत्यसंस्कारासाठी ताब्यात घेतलं.

तारीख: सतरा मार्च.

आधार: पोलीस चौकीची नोंदवही. खाली सही माझी.